वऱ्हाडांतील जुनी मोटार आणि गंज

आमच्या वऱ्हाडांत एक समजूत रूढ आहे : समुद्र येथून ४०० किलोमीटरांहून दूर, तेव्हां येथील मोटारीला गंजाचें भय नाहीं. ही समजूत अर्धीच खरी आहे; आणि उरलेली अर्धी बाजू ध्यानीं न घेतल्यामुळें आजोबांच्या हौसेची गाडी हातची जाते.

खरी बाजू आधीं पाहूं. लोखंड गंजण्यास प्राणवायु व पाणी हीं दोन्ही लागतात. हवेची आर्द्रता शेंकडा ६० च्या बरीच खालीं असली म्हणजे गंज फारच मंदावतो. अकोला-अमरावतीस वर्षाचा पाऊस सुमारें ८०० मिलिमीटर. तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. मुंबईस त्याच्या दुपटीहून अधिक, शिवाय समुद्रावरचा खारा वारा बारमाही. म्हणून २०१४ सालीं जिचें उत्पादन थांबलें ती अँबॅसडर, किंवा तिच्याहून जुनी ऑस्टिन, आमच्याकडे अधिक काळ धड राहूं शकते.

उन्हाळा मात्र आपली वसुली करतोच. ४५ अंशांच्या उन्हांत रबरी नळ्या व टायरांच्या बाजू तडकतात, रंग विटतो. हवेच्या गाळणींतून निसटलेली धूळ सिलिंडर आंतून घासते. तरी खरा घात पाण्यानें होतो.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस, दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूस, खारपाण पट्टा पसरलेला आहे. तेथील भूगर्भांतलें पाणीच खारट. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं घरांतील मुलें मोठ्या उत्साहानें विहिरीच्या पाण्यानें गाडी धुतात. दुसऱ्या दिवशीं तिला झेंडूचा हार चढतो, आणि मडगार्डच्या आंत व दारांच्या तळाशीं मीठ वाळून बसतें. हें मीठ हवेंतील ओल ओढून घेतें व गंजाची क्रिया जलद करतें. त्यांत काळ्या मातीचा चिखल चिकटलेला असला, तर बाहेर सर्वत्र कोरडें झालें तरी तो आंत ओल धरून ठेवतो. समुद्र दूर आहे खरा. पण आपणच तो बादलीनें घरीं आणतों! अशा गाडीच्या पत्र्यास एकदां भोंक पडलें कीं तसा पत्रा पुन्हां मिळणें कठीण.

उपाय खर्चाचे नाहींत. पावसाळा संपतांच मडगार्डच्या आंतील चिखल लांकडी पट्टीनें खरवडून काढावा. अकोल्यास काटेपूर्णा व अमरावतीस ऊर्ध्व वर्धा धरणाचें गोडें पाणी नळानें येतें. त्यानें, तें नसेल तेथें सांठविलेल्या पावसाच्या पाण्यानें, गाडी खालूनहि धुवावी. दारांच्या तळचीं भोंकें मोकळीं करावीं. गाडी पूर्ण वाळल्यावर तळाच्या लोखंडास तेलाचा हात द्यावा. ती उघड्या मातीवर न ठेवतां फरशीवर व सावलींत ठेवावी. पावसाळ्यांत मेणकापड घट्ट गुंडाळून आंत ओल कोंडूं नये.

हें काम घरांतील एकाद्या मुलाकडे सोंपवावें. येत्या दसऱ्यास हार घालण्यापूर्वीं त्यानें एकदां वांकून गाडीच्या पोटाखालीं पाहिलें, तर आजोबांची गाडी त्याच्या मुलांसहि पाहावयास मिळेल.