मॉन्स्टेरा कुठे ठेवायचा?

मोठ्या पानांचा, पानांना भोकं असलेला मॉन्स्टेरा सध्या शहरी दिवाणखान्यात सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात उभा दिसतो. नर्सरीतून आणताना तो तजेलदार असतो. पाच-सहा महिन्यांत खालची पानं पिवळी पडतात, नवीन पानं लहान आणि बिनभोकांची येतात, देठ लांबत जातात आणि एक दिवस कुंडीतून कुबट वास येऊ लागतो. निदान ठरलेलं असतं: पाणी जास्त झालं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. तेवढंच पाणी, तीच कुंडी आणि तेच झाड पूर्वेच्या खिडकीपासून हातभर अंतरावर असतं, तर बहुधा काहीही बिघडलं नसतं. झाडाला किती पाणी लागणार हे त्याला किती उजेड मिळतो यावर ठरतं. म्हणून पाण्याचा प्रश्न आधी उजेडाकडे जाऊन सोडवावा लागतो.

कारण सरळ आहे. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरच्या रंध्रांवाटे वाफ होऊन निघून जातं. ही रंध्रं उजेडात उघडतात, कारण त्यांतूनच कर्बवायू आत येतो आणि अन्न तयार होतं. उजेड कमी झाला की अन्न कमी होतं, वाढ थंडावते आणि पाण्याचा उपसाही मंदावतो. वर खप नाही आणि खाली पुरवठा सुरूच, असं झालं की कुंडीतल्या मातीच्या फटींत पाणी साचून राहतं आणि हवा बाहेर ढकलली जाते. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. तो न मिळाल्याने ती आधी गुदमरतात आणि मग बुरशीला बळी पडतात. असं झाड कुंडीतून काढून पाहिलं तर मुळं तपकिरी, लिबलिबीत झालेली असतात. चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते आणि आतला दोऱ्यासारखा धागा तेवढा उरतो. गंमत अशी, की मुळं कुजल्याने झाड पाणी घेऊ शकत नाही आणि पानं तहानलेली दिसतात. मग घरातलं कोणीतरी कळवळून आणखी एक तांब्या ओततं.

‘पण आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे,’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. इथे आपले डोळे फसवतात. कमी उजेडात डोळ्यातली बाहुली मोठी होते, नजर सरावते, त्यामुळे खिडकीजवळचा आणि खोलीच्या टोकाचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो. मोजून पाहिलं तर चित्र वेगळंच निघतं. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. नर्सरीतली हिरवी जाळी त्यातला निम्मा किंवा पाऊण उजेड अडवते. म्हणजे जाळीखालच्या झाडालाही भर दुपारी पंचवीस ते पन्नास हजार लक्स मिळतात. खिडकीला लागून, थेट ऊन नसतानाही, दोन-तीन हजार लक्स मिळू शकतात. सोफ्यामागच्या कोपऱ्यात हा आकडा शंभर-दोनशेवर येतो. जाळीखाली वाढलेलं झाड तिथे आणून ठेवणं म्हणजे त्याचा उजेड एका दिवसात शेकडो पटींनी तोडणं. सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींनाही निव्वळ तगून राहायला, म्हणजे बनवलेलं अन्न आणि खर्चलेलं अन्न यांची जेमतेम तोंडमिळवणी व्हायला, काहीशे लक्स लागतात. त्याखाली झाड खोडात आणि देठांत साठवलेल्या शिदोरीवर जगतं. नवं झाड सुरुवातीचे काही महिने छान दिसतं, ते या शिदोरीमुळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दाट जंगलातला. तिथे तो झाडांच्या सावलीतच वाढतो, मग घरातली सावली का चालू नये? एक तर त्या जंगलाच्या तळाशी पोहोचणारा एक-दोन टक्के उजेड धरला, तरी दुपारी हजार-दोन हजार लक्स होतात. आपल्या कोपऱ्याच्या दहापट. शिवाय मॉन्स्टेरा तळाशी थांबतच नाही. तो वेल आहे. डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी १९७५ साली ‘सायन्स’मध्ये मॉन्स्टेराच्याच एका भावंड जातीविषयी दाखवून दिलं, की तिची कोवळी रोपं उजेडाऐवजी सर्वांत काळोख्या दिशेला सरपटतात; कारण जंगलात काळोखी दिशा म्हणजे बहुधा जाडजूड बुंधा, आणि बुंधा मिळाला की वर चढता येतं. पानांवरच्या भोकांचाही संबंध उजेडाशी असावा. ख्रिस्तोफर म्युअर यांनी २०१३ साली मांडलं, की जंगलात ऊन तुकड्यातुकड्यांनी येतं. तेवढ्याच हिरव्या भागाचं पान भोकांमुळे जास्त जागेवर पसरतं आणि एखादा कवडसा गाठण्याची खात्री वाढते. हा तर्क अजून तर्कच आहे, पण कोपऱ्यातल्या मॉन्स्टेराला बिनभोकांची पानं का येतात, हे कोडं पडलेल्यांनी तो ध्यानात ठेवायला हरकत नाही.

जागा ठरवायला महागडं यंत्र लागत नाही. दुपारी झाड ठेवायच्या जागी पांढरा कागद धरावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात. सावलीत बोटं वेगळी ओळखू आली तर जागा चांगली. नुसता धूसर डाग दिसला तर कशीबशी. सावली शोधावी लागली तर तिथे झाड नको. फोनवरचं लक्स मोजणारं ॲप अचूक नसलं तरी दोन जागांची तुलना करायला पुरतं. आपल्याकडे पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची, सकाळचं ऊन मऊ असतं. दक्षिणेची खिडकी ऋतूनुसार बदलते: पुण्यात डिसेंबरात भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणून ऊन आत येतं, जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि त्याच खिडकीत थेट ऊन येत नाही. पश्चिमेच्या एप्रिल-मेमधल्या उन्हाने पानं भाजतात, तिथे पातळ पडदा हवा. कोपऱ्यातलं झाड एकदम उन्हात काढू नये. अंधारात आलेली पानं करपतात, त्यांना पंधरा दिवस सवय करून द्यावी लागते.

एकदा जागा नीट झाली की ‘आठवड्यातून किती वेळा’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. दोन पेरं बोट मातीत खुपसावं, कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी घालावं, बशीतलं साचलेलं ओतून टाकावं. पावसाळ्यात मात्र नियम उलटा चालतो, आणि लोक इथेच जास्त चुकतात. बाहेर सगळं तरारतं म्हणून घरातलंही तरारेल असं वाटतं. पण जुलैत आभाळ भरलेलं, खिडकीतला उजेड घटलेला आणि कोकणपट्टीत हवेत ऐंशी टक्क्यांवर आर्द्रता असल्याने माती दोन-दोन आठवडे वाळत नाही. तेव्हा पाणी जवळपास थांबवायचं. खतही तेव्हा नको. वाढच नसेल तर ते मातीत क्षार होऊन बसतं. उलट पानं ओल्या फडक्याने पुसणं खरोखर उपयोगी आहे, कारण शहरातल्या धुळीचा थर मुळातच कमी असलेला उजेड आणखी खातो.

खिडकीच नसेल तर? साधा ९ वॅटचा, सुमारे ९०० लुमेनचा एलईडी बल्ब पानांपासून फूटभर अंतरावर टांगला तर साध्या हिशेबाने दीड हजार लक्सच्या आसपास उजेड पडतो. दहा-बारा तास लावला तर झाड तगतं. तोच बल्ब छतावर, दोन मीटर दूर असेल तर चाळीसही मिळत नाहीत. ट्यूबलाइटच्या भरवशावर झाड वाढवणाऱ्यांनी हा फरक पाहावा. ‘हवा शुद्ध होते म्हणून कोपऱ्यात हवंच’ हा युक्तिवादही आता टिकत नाही. तो नासाच्या १९८९ च्या, बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवर उभा आहे. ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वेअरिंग यांनी २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं, की घराच्या हवेच्या नेहमीच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. खिडकी उघडणं स्वस्त पडतं.

शेवटी राहतो तो ऑफिसांच्या लॉबीतल्या टवटवीत झाडांचा दाखला: तिथे ना खिडकी ना ऊन, तरी ती कशी जगतात? बरीचशी जगत नाहीत, बदलली जातात. भाड्याने झाडं पुरवणारे ठरावीक दिवसांनी कुंड्या उचलून नर्सरीत नेतात आणि तिथली ताजी आणून ठेवतात. कोपरा सजवायचाच असेल तर घरीही हेच करता येतं: दोन मॉन्स्टेरा घ्यायचे, एक खिडकीत, एक कोपऱ्यात, आणि दर आठ-दहा दिवसांनी जागा बदलायच्या. कोपऱ्यातल्याला त्या काळात पाणी जवळजवळ लागतच नाही.