जुन्या मालमोटारीस नवें इंजिन

एका जुवास तगडा व थकलेला असे दोन बैल जुंपले म्हणजे मान कोणाची काचते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. जुन्या मालमोटारींत जोरदार इंजिन बसविणाराची अवस्था पुष्कळदां अशीच होते. उदाहरणादाखल १९४७ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत निघालेली शेव्हरोलेट ३१०० ही अर्ध्या टनाची गाडी घेऊं.

या गाडीस १९५३ सालापर्यंत २१६ घनइंची, सहा सिलिंडरांचें इंजिन असे. त्याच्या कनेक्टिंग रॉडांचीं बेअरिंगें पांढऱ्या धातूचीं ओतीव असत, व रॉडाच्या टोंकाची पळी तेल उडवी त्यावर तीं चालत. शेतांतल्या मंद चालीस तें पुरे होई. सडकेवर तासचे तास गाडी पिटाळल्यास बेअरिंगें जात. १९५४ सालीं २३५ घनइंची इंजिन आलें; त्यांत रॉडांसही दाबानें तेल मिळतें व बेअरिंगें सुटीं बदलतां येतात. म्हणून जुन्या गाड्यांचे मालक हें इंजिन पसंत करितात.

खरी मेख पुढेंच आहे. या गाडीचा फिरता दांडा बंद नळींत असून ती नळी मागील आंसापासून गिअरबॉक्सपर्यंत जाते. चाकांचा रेटा तीच गाडीस पोंचविते. उघड्या दांड्याचा नवा गिअरबॉक्स घालावयाचा तर मागील आंसही बदलणें प्राप्त होतें. मग सारा रेटा कमानपाट्यांवर येतो. उलट जुना आंस ठेवल्यास दांड्याच्या ४.११ फेऱ्यांस चाकाची एकच फेरी होते. तेव्हां इंजिन मोठें घालूनही भर वेगांत तें ओरडतच राहतें.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरावर चालतात. एक नळी फुटली कीं चारही गेले. वाढलेल्या वेगास हे ब्रेक जीवघेणे ठरतील.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, हिशेब मागून पुढें करावा: आधीं ब्रेक, मग आंस, मग गिअरबॉक्स, शेवटीं इंजिन. खरेदीपूर्वीं पंखा व रेडिएटर यांतील अंतर मोजावें, आणि क्लचप्लेटीचे दांते गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवून पाहावे. आपल्याकडे अशा बदलास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ लागू आहे. नोंदणी-अधिकाऱ्याची परवानगी आधीं घ्यावी. काढलेलें इंजिन मात्र मोडींत घालूं नये. तेल लावून, झांकून ठेवावें. पुढल्या धन्यास कदाचित् तेंच हवें असेल.