कार्बाइडचा कचरा आणि पुढचे गाव

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून बारा सीलबंद कंटेनर निघाले. त्यांच्यासाठी रस्ता मोकळा केला होता, पुढेमागे पोलीस बंदोबस्त होता. सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून २ तारखेच्या पहाटे ते धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोहोचले. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात चाळीस वर्षे पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा त्यांत भरला होता. पीथमपूर हे इंदूर-अहमदाबाद रस्त्यावरच्या बेटम्याचे शेजारचे औद्योगिक नगर. बेटम्याच्या टापूतली कितीतरी घरे पीथमपूरच्या कारखान्यांवर चालतात. याच भागात गंभीर नदी अडवून होळकरांच्या काळात बांधलेला यशवंतसागर आहे आणि इंदूरच्या पाण्यात त्याचाही वाटा आहे. कचरा जाळला तर विष हवेत जाईल, राख पुरली तर ते झिरपत तलावापर्यंत येईल, अशी भीती लोकांनी बोलून दाखवली. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना न्यायालयात गेली. ३ जानेवारीला पीथमपूर बंद होते. दोघांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला, ते भाजले. मुख्यमंत्री मोहन यादव यांना सांगावे लागले की, न्यायालयाचा पुढचा आदेश येईपर्यंत कचरा जाळला जाणार नाही.

या साऱ्या संघर्षात एक पक्ष कुठेच दिसला नाही. मोर्चा सरकारविरुद्ध होता, लाठी सरकारची होती, प्रतिज्ञापत्र सरकारचे होते आणि कचरा हलवून जाळण्याचे १२६ कोटी रुपयेही सरकारचेच, म्हणजे आपले. ज्या कंपनीने हा कचरा निर्माण केला ती कार्बाइड आणि तिला २००१ मध्ये विकत घेणारी डाऊ केमिकल या दोघींना पीथमपूरच्या रस्त्यावर कोणाला उत्तर द्यावे लागले नाही. लोकशाहीवर कंपन्यांची सत्ता चालते असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक निधी येतो, मंत्र्यांच्या भेटीगाठी येतात. तेही खरेच आहे. पण त्याहून खोलवर जाणारी गोष्ट अशी की, कंपनी आपले दायित्व सरकारच्या गळ्यात बांधून मोकळी होते आणि मग नागरिकाला स्वतःच निवडलेल्या सरकारशी भांडावे लागते. नागरिक हे बदलू शकतात का, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी ही अदलाबदल कशी झाली ते पाहायला हवे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. सरकारी दफ्तरातच ५,२९५ मृत्यू नुकसानभरपाईसाठी मान्य झाले आहेत. पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे घेतला. हेतू वाईट नव्हता. अमेरिकेतले वकील झोपडपट्ट्यांतून वकीलपत्रांवर अंगठे घेत फिरत होते आणि निरक्षर, आजारी माणसाने जगातल्या बड्या रसायन कंपनीशी एकट्याने लढावे ही अपेक्षाच क्रूर होती. पण त्या कायद्याने पीडिताचा आवाज सरकारच्या हवाली झाला. मे १९८६ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश जॉन कीनन यांनी खटला भारतात पाठवला. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी, अंतिम निकालाआधीच, ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश कार्बाइडला दिला. उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटींवर आणली, तरी कंपनीची जबाबदारी प्रथमदर्शनी मानली गेली होती. आणि मग १४ फेब्रुवारी १९८९ ला सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. सरकारने दावा तीन अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा लावला होता. मिटवला ४७ कोटी डॉलरवर. ज्यांच्या नावाने तडजोड झाली त्यांना कोणी विचारले नाही.

पुढची पायरी तितकीच महत्त्वाची आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. १९९१ मध्ये या तडजोडीचा फेरविचार झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि सांगितले की रक्कम अपुरी पडली तर तूट भारत सरकारने भरून काढावी. म्हणजे कंपनीची देणी जिथे संपली तिथून पुढे करदात्याची सुरू झाली. २०१० मध्ये सरकारने आणखी ७,८४४ कोटी रुपये मागणारी याचिका केली. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती फेटाळली. विशेष म्हणजे, दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातील वायुगळतीच्या खटल्यात याच न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये निकाल दिला होता की धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते आणि भरपाई कंपनीच्या ऐपतीच्या प्रमाणात असावी. म्हणजे तत्त्व हाताशी होते. ते ज्या प्रकरणात सर्वांत जास्त लागू व्हायला हवे होते, तिथे वापरलेच गेले नाही.

उरला कचरा. आलोक प्रताप सिंह यांनी २००४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात याचिका केली. त्यात २००५ साली खुद्द केंद्राच्या रसायन मंत्रालयाने मागणी केली की साफसफाईसाठी डाऊने १०० कोटी रुपये आधी जमा करावेत. ही मागणी योग्य होती. पण नोव्हेंबर २००६ मध्ये डाऊचे प्रमुख अँड्र्यू लिव्हरिस यांनी अमेरिकेतले भारताचे राजदूत रोनेन सेन यांना पत्र लिहून ती मागे घ्यावी असा आग्रह धरला. त्याच वर्षी रतन टाटा यांनी साफसफाईसाठी भारतीय उद्योगांचा निधी उभा करण्याचा प्रस्ताव सरकारपुढे ठेवला. तसे झाले असते तर डाऊचा भारतातल्या गुंतवणुकीचा मार्ग निर्वेध झाला असता. हा पत्रव्यवहार आपल्यापर्यंत आला तो पीडितांच्या संघटनांनी माहिती अधिकार वापरला म्हणून. लाच नाही, धमकी नाही. गुंतवणुकीची आशा दाखवणारी सभ्य भाषेतली पत्रे. कंपन्यांचा प्रभाव बहुतेक वेळा असाच चालतो आणि म्हणूनच मतदाराला तो दिसत नाही.

कचऱ्याचे काय करायचे या प्रश्नावर लोक गप्प बसले नाहीत, हेही नोंदवायला हवे. गुजरातमधल्या अंकलेश्वरला तो नेण्याचा बेत झाला. तिथे विरोध झाला आणि गुजरात सरकारने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळ बुटीबोरी भागातल्या डीआरडीओच्या भट्टीचे नाव पुढे आले. विदर्भातले पर्यावरण कार्यकर्ते उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, महाराष्ट्र सरकारनेही हात वर केले आणि तो बेत बारगळला. २०१२ मध्ये विमानाने जर्मनीला नेऊन जाळण्याचे ठरत होते. सुमारे २५ कोटींचा खर्च होता. जर्मन नागरिकांनी आवाज उठवला आणि तिथली संस्था मागे हटली. २०१५ मध्ये पीथमपूरला दहा टनांची चाचणी झाली आणि अखेर २०२५ मध्ये उरलेला सगळा कचरा तिथेच आला. पुण्याजवळ चाकणच्या शिंदे-वासुली गावातही असाच विरोध यशस्वी ठरला. डाऊच्या संशोधन केंद्राविरुद्ध २००८ पासून गावकरी आणि वारकरी एकत्र उभे राहिले. बंडातात्या कराडकर, माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्यासारखी माणसे पुढे होती. २०१० मध्ये कंपनीने तो प्रकल्प सोडला.

या सगळ्या लढ्यांत नागरिक जिंकले. नागपूर जिंकले, अंकलेश्वर जिंकले, जर्मनी जिंकली, शिंदे-वासुली जिंकले. तरी कचरा डाऊच्या दारात गेला नाही. तो नकार देण्याची ताकद जिथे सर्वांत कमी ठरली त्या गावाकडे सरकत गेला. माझ्या मते आपल्याकडच्या नागरी चळवळींचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही इथे आहेत. ‘इथे नको’ म्हणण्याची ताकद आपल्या लोकशाहीत आहे, ती खरी आहे आणि तिला हिणवणारे चूक करतात. पण ‘ज्याचे त्याने परत न्यावे’ ही मागणी एकटे गाव रेटू शकत नाही. त्यासाठी बुटीबोरी, चाकण, भोपाळ आणि बेटमा यांनी एकाच वेळी, एकाच नावाकडे बोट दाखवायला हवे. भोपाळच्या संघटनांनी ते दाखवले. त्यांनी कचरा पीथमपूरला जाळण्यास विरोध केला आणि डाऊने तो अमेरिकेला न्यावा असे सांगितले. आपल्या शहरातून घाण जात असताना ती दुसऱ्याच्या माथी मारू नका म्हणणे, यासाठी मोठे मन लागते.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा घेतला जातो. कचरा कुठेतरी जाळणे भागच होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली तीन चाचण्या झाल्या, उत्सर्जन मर्यादेत राहिले, न्यायालयाने परवानगी दिली आणि ३० जून २०२५ पर्यंत काम संपले. यातला तांत्रिक भाग मान्य करता येतो, आणि चाळीस वर्षे तो कचरा भोपाळच्या वस्तीत उघड्यावर पडू देणे हेही पापच होते. पण देखरेख इतकी काटेकोर झाली त्याला ३ जानेवारीचा बंदही कारण होता. आणि प्रश्न फक्त भट्टीच्या तापमानाचा नाही. कोणाला विचारून आणला, कोणाच्या पैशाने जाळला, याचे उत्तर चिमणीच्या मोजमापात मिळत नाही. शिवाय जाळल्यावर आठशे टनांहून अधिक राख उरली आणि ती वस्तीजवळ पुरण्याच्या योजनेवर ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेच हरकत घेतली.

दुसरा आक्षेप बेटम्याच्या माणसाला जवळचा आहे: जबाबदारीचा बडगा उगारला तर कारखाने येणार नाहीत, मग पोरांनी करायचे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण कंपन्या कडक जबाबदारीच्या देशातून पळून जातात हे खरे नाही. डाऊने कार्बाइड घेतल्यानंतर अमेरिकेतल्या कार्बाइडच्या ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांसाठी सुमारे २.२ अब्ज डॉलरची तरतूद केली. तिथे कायदा मागे लागतो हे ठाऊक असल्यामुळे कंपनी पैसे बाजूला काढते आणि धंदाही करते. भोपाळच्या बाबतीत मात्र तीच कंपनी म्हणते की कार्बाइडचे दायित्व आमचे नाही. फरक कंपनीच्या स्वभावात नाही, समोरच्या सरकारच्या ठामपणात आहे.

तिसरा आक्षेप निराशेचा, आणि तो सर्वांत घातक. इतक्या बलाढ्य कंपनीपुढे सामान्य माणसाचे काय चालणार? याचे उत्तर कोडाईकॅनालने दिले आहे. तिथल्या हिंदुस्तान लिव्हरच्या थर्मामीटर कारखान्यातली पाऱ्याने माखलेली काच गावच्या भंगारवाल्याकडे सापडली. रहिवासी, कामगार आणि पर्यावरणवादी एकत्र आले. २००१ मध्ये कारखाना बंद झाला. पण ते तिथे थांबले नाहीत. कचरा दुसऱ्या गावी पाठवा असे न म्हणता तो जिथून आला तिथे पाठवा म्हणाले. २००३ मध्ये पाऱ्याने दूषित झालेला सुमारे २९० टन कचरा कंपनीच्या खर्चाने अमेरिकेला परत गेला. २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला. या देशात, याच कायद्यांखाली हे घडले आहे.

कायदासुद्धा बदलता येतो. जून २०१० मध्ये भोपाळ खटल्यात आरोपींना केवळ दोन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षी संसदेने अणुदायित्व कायद्यात सदोष सामग्री पुरवणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरता येईल असे कलम घातले. अणुप्रकल्प होऊ घातलेल्या जैतापूरच्या लोकांसाठी ते मोलाचे होते. डिसेंबर २०२५ च्या अणुऊर्जेविषयीच्या शांती कायद्याने तो जुना कायदा रद्द झाला आणि पुरवठादारावरची ती जबाबदारीही गेली. पंधरा वर्षांपूर्वी रस्त्यावर मिळवलेले कलम रस्ता शांत असताना निघून गेले. नागरिकांनी एकदा जिंकून घरी जायचे नसते, हे यातून उघड होते.

पीथमपूरला जळाले ते ३३७ टन होते. नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय या संस्थांच्या २०१० च्या अहवालानुसार भोपाळच्या कारखान्याच्या आवारात आणखी सुमारे ११ लाख टन माती दूषित आहे. ती कधीतरी उपसावीच लागेल, आणि ती न्यायला पुन्हा एखादे गाव शोधले जाईल. त्याआधी तुमच्या खासदाराला लेखी विचारा: १२६ कोटी डाऊकडून वसूल करण्यासाठी सरकार काय करणार आहे, आणि २००५ मध्ये मागितलेल्या १०० कोटींचे पुढे काय झाले? उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. इंदूरहून टाका, नागपूरहून टाका, चाकणहून टाका, पण सगळ्यांनी एकच प्रश्न विचारा.