पेशीच्या केंद्रकापर्यंत औषध कसे पोचते?

आमचे शिक्षण कला शाखेचे आणि नोकरी बँकेत कारकुनाची. तेव्हा कॅन्सरवर आम्ही लिहावे हा कोणास आगाऊपणा वाटेल. परंतु गतवर्षी आमच्या नात्यातील एका बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला आणि घरच्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून कायटोसानच्या गोळ्या आणल्या. "हे थेट जनुकावर काम करते," असे विकणाऱ्याने सांगितले होते. त्या नादात केमोथेरपीची एक तारीखही चुकली. खरेखोटे पाहताना आम्हास जे समजले, ते सभासद व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

कोळंबीची साले, खेकड्यांची कवचे आपण फेकून देतो. त्यांत कायटिन नावाचे द्रव्य असते. त्यावर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळते. शर्करेच्या असंख्य मण्यांची ही माळ, म्हणजे बहुशर्करा. आपल्या भाकरीतील स्टार्चही त्याच कुळातला. कायटोसानवर आम्लात धन विद्युतभार येतो. डीएनएवर ऋण भार असतो. साहजिकच दोन्ही एकमेकांस बिलगतात आणि अतिसूक्ष्म कण तयार होतो. जनुकावर काम करणारे औषध म्हणजे डीएनएचा किंवा आरएनएचा तुकडा. तो उघडा रक्तात सोडला तर तेथील एन्झाइम त्याचा लवकरच फडशा पाडतात, म्हणून हे वेष्टन. म्हणजेच कायटोसान हे औषध नव्हे, औषधाची गाडी आहे. रिकामी गाडी गिळून काय होणार? शिवाय पोटात गेलेले कायटोसान बहुतांशी पचतच नाही.

बँकेत रोकड दारापर्यंत आली म्हणजे तिजोरीत पोचली असे होत नाही. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. पेशीचेही तसेच. ती हा कण गिळते, पण एका पिशवीत कोंडून ठेवते. पिशवीत आम्ल वाढत जाते; वेळेत सुटका झाली नाही तर माल नष्ट. सुटलाच तर पुढे केंद्रकाचे आवरण. त्याच्या छिद्रांतून लहान रेणू सहज जातात. मोठ्यांजवळ विशिष्ट प्रथिनाची ओळखखूण लागते. ती नसेल तर पेशीचे विभाजन होऊन आवरण विरेपर्यंत ताटकळणे आले. कॅन्सरच्या पेशी वारंवार विभागतात, ही गोष्ट येथे संशोधकांच्या पथ्यावर पडते.

कायटोसानमध्ये एक खोट आहे. रक्त किंचित अल्कधर्मी असल्याने तेथे त्याचा भार बराचसा जातो व पकड सैल होते. म्हणून त्यात रासायनिक फेरफार करतात. अलीकडे मूत्राशयाच्या कॅन्सरवर अशा सुधारित कायटोसानमधून डीएनए देण्याच्या चाचण्या रुग्णांवर झाल्या. त्यांत औषध रक्तातून न नेता नळीने थेट मूत्राशयात सोडतात. वाटेतला मोठा अडथळा तेवढा टळतो. त्या औषधाचा आणि दुकानातल्या गोळीचा संबंध फक्त नावापुरता.

बाईंच्या गोळ्या आता बंद आहेत. चुकलेली तारीख डॉक्टरांनी पुन्हा लावून दिली.