पाठीवरचा दवाखाना

थायलंडच्या ताक प्रांतात मे सोत नावाचं सीमेवरचं शहर आहे. पश्चिमेला मोई नदी, आणि नदी ओलांडली की ब्रह्मदेशातला करेन लोकांचा डोंगराळ मुलूख. वर्षातून दोनदा त्या मुलखातून काही माणसं मे सोतला येतात. येताना त्यांच्या सॅकमधली औषधं संपलेली असतात आणि वह्या भरलेल्या असतात. कोणत्या वस्तीत किती जणांना मलेरिया झाला, किती बाळंतपणं झाली, किती मुलं जुलाबाने आजारी पडली, कोण कशाने दगावलं, सगळं त्यात असतं. या नोंदी तपासल्या जातात, आकडे जुळवले जातात, शिकलेलं पक्कं केलं जातं, नवं शिकवलं जातं. मग सॅकमध्ये पुढच्या सहा महिन्यांची औषधं भरून ही मंडळी जिथून आली त्या युद्धात परत जातात.

ही माणसं ‘बॅकपॅक हेल्थ वर्कर टीम’ या संस्थेची. ती डॉक्टर नाहीत आणि सैनिकही नाहीत. बहुतेक जण त्याच डोंगरांत जन्मलेले करेन, करेनी किंवा मोन तरुण-तरुणी. संस्था उभी राहिली 1998 साली, 32 पथकं आणि सुमारे 120 कार्यकर्ते घेऊन. पुढे पथकांची संख्या शंभराच्या वर गेली. एका पथकात तीन ते पाच जण आणि त्यांच्याकडे साधारण 2000 लोकवस्ती, ही मूळ मांडणी मात्र कायम राहिली.

दवाखाना पाठीवर का घ्यावा लागला, हे आधी समजून घ्यायला हवं. करेनांचा ब्रह्मी लष्कराशी संघर्ष 1949 पासूनचा. लष्कराने साठच्या दशकात जी रणनीती आखली ती सरळ होती: बंडखोरांना मिळणारं अन्न, पैसा, बातम्या आणि नवी भरती या चारही वाटा तोडायच्या. या चारही वाटा गावातून जातात, म्हणून घाव गावावर. धान्याची कोठारं जाळायची, शेतं तुडवायची, लोकांना हुसकावून द्यायचं. माणसं जंगलात लपायची, पावसाळ्यात पुन्हा भात लावायची, पुन्हा पळायची. 1995 साली करेन बंडखोरांचं मुख्यालय मानेरप्लॉ पडलं, 1997 साली दक्षिणेकडे मोठी मोहीम झाली आणि लोकांचे लोंढेच्या लोंढे सुटले. अशा मुलखात पक्क्या भिंतींचा दवाखाना बांधणं म्हणजे जाळायला एक इमारत तयार करून देणं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा मग दवाखानाही पाठीवर गेला. रुग्ण पळाले की त्यांच्याबरोबर तोही पळणार.

या कल्पनेमागे एक बाई आहेत. डॉ. सिंथिया माँग या करेन, रंगूनला शिकलेल्या. 1988 सालचा लोकशाहीचा उठाव लष्कराने चिरडला तेव्हा त्या काही सहकाऱ्यांबरोबर जंगलातून चालत सीमेवर आल्या. फेब्रुवारी 1989 मध्ये मे सोतजवळच्या एका मोडकळीला आलेल्या घरात त्यांनी पळून आलेल्या विद्यार्थ्यांवर उपचार सुरू केले. उपकरणं निर्जंतुक करायला भात शिजवायचा कुकर होता. त्याचंच पुढे मे ताओ क्लिनिक झालं. सिंथियांना 2002 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हाच पुरस्कार 1979 साली जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला होता, आणि दोन्ही कामांचं नातं नुसतं पुरस्कारापुरतं नाही. जामखेडला आरोळ्यांनी फारशा न शिकलेल्या, पुष्कळदा दलित घरांतल्या बायकांच्या हाती गावाचं आरोग्य सोपवलं आणि ते सुधारून दाखवलं. मोईपलीकडे तीच गोष्ट गोळीबारात करायची होती. डॉक्टर गावात आणणं शक्य नसेल, तर डॉक्टरकडे असलेल्या ज्ञानाचा गावाला लागणारा भाग गावातल्याच माणसाला देणं शक्य असतं. माझ्या मते या संस्थेचं खरं मर्म हेच आहे. औषधं संपतात, लुटली जातात, पावसात भिजतात. शिकलेलं माणूस जिवंत असेपर्यंत ती विद्या कुणाला जाळता येत नाही.

सॅकमध्ये काय असतं? कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात असेल तेच. तापाच्या गोळ्या, प्रतिजैविकं, जंताचं औषध, मुलांसाठी जीवनसत्त्व ‘अ’, क्षारसंजीवनी, ड्रेसिंगचं सामान, मलेरियाची औषधं. उपचारांइतकाच वेळ जातो तो संडास खणून घेण्यात, झऱ्याचं पाणी नळीने वस्तीपर्यंत आणण्यात, शाळेतल्या मुलांना हात धुवायला शिकवण्यात. युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदुकीच्या जखमा येतात. या मुलखात मात्र माणसं प्रामुख्याने मेली ती ताप, जुलाब आणि बाळंतपण यांनी, म्हणजे ज्यांना औषध आहे अशा कारणांनी. युद्धाने त्या औषधापर्यंतची वाट बंद केली होती.

यात सगळ्यांत मोठा वैरी मलेरिया. थायलंड-ब्रह्मदेश सीमेवरचा फाल्सिपेरम परजीवी जगात कुप्रसिद्ध आहे. क्लोरोक्विनला तो केव्हाच पुरून उरला होता, पुढे मेफ्लोक्विनही त्याच्यापुढे हतबल होऊ लागलं. म्हणून तिथल्या संशोधकांनी आर्टेसुनेट आणि मेफ्लोक्विन एकत्र द्यायला सुरुवात केली. औषध महाग आणि मोलाचं, तेव्हा प्रत्येक तापाला ते वाटून चालणार नव्हतं. मलेरियाच आहे हे आधी ठरवायला हवं, आणि जंगलात सूक्ष्मदर्शक कुठून आणायचा? 2003 सालानंतर पथकांनी मलेरिया नियंत्रणाचं काम पद्धतशीर हाती घेतलं तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी प्लास्टिकची पट्टी आली. बोटाला टोचून रक्ताचा थेंब टाकायचा, द्रावण सोडायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि रेघा मोजायच्या. तिचं नाव पॅराचेक. ही चाचणी बनायची गोव्यात, वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या ऑर्किड बायोमेडिकल सिस्टिम्समध्ये. आपल्या शेजारच्या कारखान्यातून निघालेली वस्तू करेन डोंगरात पोरांचा जीव वाचवत होती याचा मला मनापासून आनंद आहे.

पट्टी साधी, पण ती वापरायलाही डोकं लागतं. ती परजीवीचं एक प्रथिन शोधते आणि ते प्रथिन रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. म्हणजे गेल्या महिन्यात औषध घेतलेल्या माणसाला आज सर्दीचा ताप असला तरी पट्टी मलेरिया सांगेल. शिवाय ती फाल्सिपेरमच ओळखते, मलेरियाची दुसरी जात व्हायवॅक्स तिला दिसत नाही. उन्हाने, दमट हवेने बिघडते ती वेगळीच. तेव्हा पथकातल्या कार्यकर्त्याला, म्हणजे मेडिकला, विचारावं लागतं: आधी कधी ताप आला होता, कोणत्या गोळ्या घेतल्या, कोणत्या वस्तीतून आलात? पट्टी वाचणं एका सकाळीत शिकता येतं, हे प्रश्न विचारायला शिकणं अनुभवाचं काम.

जखमांमध्ये सगळ्यांत वाईट भूसुरुंगाची. सुरुंग लष्कराने पेरले आणि बंडखोरांनीही पेरले, हे स्पष्ट सांगायला हवं. पाय सुरुंगावर पडला की स्फोट माती, चपलेचे तुकडे, हाडांच्या किरच्या यांना स्नायूंच्या थरांमधून वर खूप लांबपर्यंत घुसवतो. वरून जखम घोट्याशी संपलेली दिसते, आत घाण गुडघ्याजवळ पोचलेली असते. न शिकलेला माणूस अशी जखम धुऊन शिवून टाकतो, आणि काही दिवसांत आत सडून रुग्ण जातो. शिकलेला मेडिक ती मोठी उघडतो, मेलेला स्नायू कापून काढतो, उघडीच ठेवतो आणि काही दिवसांनी स्वच्छ दिसल्यावरच बंद करतो. भूल द्यायला केटामाइन, कारण त्याने श्वास दबत नाही, रक्तदाब कोसळत नाही आणि यंत्र लागत नाही.

रक्त थांबवण्याबद्दलही एक वाद आहे. शहरात, जिथे तासाभरात शस्त्रक्रियागृह मिळतं, तिथे दोरी आवळून रक्त थांबवणं ठीक. जिथे रुग्णाला झोळीत घालून दिवसभर चालायचं आहे, तिथे आवळलेल्या दोरीखालचा सगळा पाय मरतो. नॉर्वेचे शल्यचिकित्सक हान्स हुसुम यांनी म्हणून जखमेत कापड ठासून भरण्यावर आणि वरून घट्ट पट्टी बांधण्यावर भर दिला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 ते 2001 या काळात कंबोडिया आणि उत्तर इराकमध्ये 135 स्थानिक पॅरामेडिक आणि 5200 गावकरी तयार केले. रुग्ण रुग्णालयात पोचायला सरासरी 5.7 तास लागत होते, तरी जखमींचं मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांवरून 14.9 टक्क्यांवर आलं. हेलिकॉप्टर आलं नाही, मोठं रुग्णालय आलं नाही. जखमीजवळ जो पहिला पोचतो तोच शिकलेला निघाला, एवढाच फरक पडला.

बाळंतपणाची गोष्ट याहून अवघड. वार न पडल्याने किंवा रक्तस्रावाने बाई काही तासांत जाऊ शकते. सीमेवरच्या आरोग्य संस्थांनी मिळून 2005 साली या कामाची तीन पातळ्यांची रचना केली: गावची सुईण, तिच्या वर आरोग्य सेविका, आणि सर्वांत वर मे ताओला महिनोन्‌महिने शिकलेली प्रसूती सेविका. सुईणीला हिणवायचं नाही, तिच्याकडूनच गरोदर बायांची खबर येते. तिला स्वच्छ ब्लेड, दोरा, साबण, गोळ्या द्यायच्या आणि धोक्याची लक्षणं शिकवायची. रक्ताची सोय तर पाहण्याजोगी होती. वीज नाही, फ्रीज नाही, मग रक्त साठवायचं कुठे? माणसांतच. आसपासच्या धडधाकट लोकांचे रक्तगट आधीच तपासून वहीत टिपून ठेवायचे. गरज पडली की त्या गटाच्या माणसाला बोलवायचं, एचआयव्ही, कावीळ, मलेरिया यांच्या झटपट चाचण्या करायच्या आणि त्याचं रक्त तिथल्या तिथे बाईला चढवायचं. या प्रकल्पाआधी 5.1 टक्के बाळंतपणांना शिकलेलं माणूस हजर असे, नंतर हे प्रमाण 48.7 टक्क्यांवर गेलं. इतर ठिकाणी एवढी वाढ व्हायला रस्ते, वाहनं आणि सरकार लागतं.

आता पुन्हा त्या वह्यांकडे. परक्या पत्रकारांना त्या प्रदेशात जाता येत नव्हतं, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना रंगूनची परवानगी लागे आणि सरकारच्या लेखी तिथे काही घडतच नव्हतं. मेडिकांनी घरोघर जाऊन, ठरलेल्या शास्त्रीय पद्धतीने पाहणी केली. 2002 सालच्या पाहणीत एक हजार जिवंत जन्मांमागे 135 बालकं वर्षाच्या आत दगावल्याचं दिसलं. पुढच्या एका अभ्यासात त्यांनी आजाराबरोबर अत्याचारांचेही प्रश्न विचारले: घर सोडायला लावलं का, धान्य लुटलं का? ज्या घरांना सक्तीने हुसकावलं होतं तिथे मूल दगावण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट निघाली. परदेशी विद्यापीठांच्या मदतीने हे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. मलेरियाने मेलेलं मूल हे युद्धाचाच बळी असू शकतं, हे कळकळीने सांगणारे पुष्कळ होते. या मेडिकांनी ते मोजून सिद्ध केलं. माझ्या लेखी ही त्यांची रुग्णसेवाच, औषध देण्याइतकीच.

त्यांच्यावर आक्षेपही घेतला जातो. सरकारची परवानगी न घेता सीमा ओलांडून मदत देणं योग्य का? ज्या भागात काम करायचं तिथल्या सशस्त्र संघटनेच्या संमतीवाचून आणि वाटेच्या माहितीवाचून पाऊल टाकता येत नाही, मग हे तटस्थ कसे? प्रश्न खोटा नाही. पण परवानगी देणारं सरकारच गाव जाळणारं असेल, तर परवानगीची वाट पाहणं म्हणजे त्या गावातल्या लोकांना वाऱ्यावर सोडणं. तटस्थतेची कसोटी रुग्णासमोर लागते, परवान्याच्या कागदावर नव्हे. आणि या कामाची किंमत मेडिकांनी मोजली आहे. त्यांच्यातले काही सुरुंगांनी आणि गोळ्यांनी मेले. ब्रह्मदेशात बेकायदा संघटनांविरुद्धचा 1908 सालचा ब्रिटिश कायदा अजून लागू आहे आणि बंदी घातलेल्या संघटनेशी नुसता संपर्क ठेवल्याबद्दलही त्याखाली तुरुंगवास होऊ शकतो. लोकमान्यांना राजद्रोहाची शिक्षा होऊन ज्या वर्षी मंडालेला पाठवण्यात आलं, त्याच वर्षाचा हा कायदा.

2015 साली शस्त्रसंधीवर सह्या झाल्या आणि थोडा काळ वाटलं की सॅक उतरवून पक्के दवाखाने बांधता येतील. 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता बळकावली. असहकाराची सुरुवात सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टर आणि नर्सनी केली. धरपकड सुरू झाल्यावर त्यांतले पुष्कळ जण करेन भागात आले आणि तिथल्या आरोग्य संस्थांच्या कामात सामील झाले. त्या मार्चअखेर करेन मुलखातल्या पापुन भागावर विमानांतून बॉम्ब पडू लागले. पूर्वी सैन्य येताना दिसे, पळायला वेळ मिळे. विमान तो वेळ देत नाही. 2023 साली सुरुंग आणि न फुटलेल्या स्फोटकांनी ब्रह्मदेशात 1003 माणसं मेली किंवा जखमी झाली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा थायलंडच्या बाजूच्या निर्वासित छावण्यांतले दवाखाने बंद पडले आणि रुग्णांना खाटांवरून उचलून न्यावं लागलं.

मेडिकांना या कामाचा पगार म्हणावा असा मिळत नाही, थोडंसं मानधन असतं. वर्षानुवर्षं पाय कापून माणसं वाचवलेल्या, अडलेल्या बायका सोडवलेल्या या लोकांजवळ प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आहेत, पण ती ना ब्रह्मदेशाचं लष्करी सरकार मानतं, ना त्यांवर थायलंडच्या रुग्णालयात नर्सची नोकरी मिळते. शिकवणाऱ्या संस्था मान्यतेसाठी वर्षानुवर्षं खटपट करत आहेत. दरम्यान नव्या मुलामुलींचं प्रशिक्षण चालू आहे, आणि पावसाळा लागण्याआधी औषधं पलीकडे पोचवण्याची घाई दरवर्षीप्रमाणे असतेच.