दोन दिवसांचे जव्हार, दोन महिन्यांचे जव्हार

जव्हारला येणाऱ्या पाहुण्याची फेरी ठरलेली असते. जय विलास राजवाडा, हनुमान पॉइंट, दाभोसा धबधबा आणि शिरपामाळ. १६६४च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारच्या मुकणे राजाने त्यांचे स्वागत केले आणि शिरपेचात मानाचा तुरा खोवला, म्हणून हा शिरपामाळ, असे इथे सांगतात. पाहुणा फोटो काढतो आणि गाडीत बसतो. गाव पाहून होते. पण कळते का?

गाव कळायला तिथे राहावे लागते. 'संथ प्रवास' म्हणतात तो हाच. या विचाराचे मूळ बरेचसे इटलीत आहे. १९८६ साली रोमच्या एका ऐतिहासिक चौकात मॅकडोनाल्डचे दुकान निघाले. त्याच्या विरोधातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. १९९९ साली तिथल्या छोट्या गावांनी 'चित्तास्लो', म्हणजे संथ गावांची संघटना काढली. पुढे कोरोनाने कार्यालय घरात आणले. तेव्हा, २०२१ साली, तस्कनीतल्या सांता फियोरा या जेमतेम अडीच हजार वस्तीच्या गावाने जाहीर केले, की लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी इथे येऊन राहावे, काही महिने निम्म्यापर्यंत भाडे आम्ही देऊ. तरुण निघून गेल्याने ओस पडत चाललेले गाव जागते ठेवण्याची ही धडपड होती.

असे जव्हारला करता येईल का? मुंबईहून सुमारे दीडशे किलोमीटर, नाशिकहून ऐंशी. रेल्वे नाही, एसटी किंवा स्वतःची गाडी. ज्यांचे काम फोन आणि संगणकावर चालते, त्यांनी महिना-दोन महिने खोली घ्यायला हरकत नाही. मात्र घर ठरवण्याआधी तिथे बसून नेट तपासावे, वीज गेल्यावर काय सोय आहे ते विचारावे आणि पाण्याचीही चौकशी करावी. या भागात पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून वाहून जातो. एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी पाहुण्याने बादली मोजूनच वापरली पाहिजे.

आता खरी गोष्ट. सांता फियोरातली माणसे कायमची गेली. जव्हार-मोखाड्यातली दर वर्षी जातात आणि परत येतात. भात, नागली, वरई निघाली, दिवाळी झाली, की कितीतरी आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. शहरातला माणूस आपले काम पाठीवर टाकून इथे येऊ शकतो. इथल्या माणसाला कामासाठी घर सोडावे लागते. एकाच रस्त्यावरचे हे दोन प्रवास आहेत.

लांब मुक्कामाचा उपयोग इथेच होतो. दोन दिवसांच्या पाहुण्याचे पैसे हॉटेलात आणि पेट्रोल पंपावर संपतात. दोन महिने राहणाऱ्याला दूध, भाजी, नागलीची भाकरी, डबा आणि घरभाडे रोज लागते. वारली चित्र तो चित्रकाराकडूनच घेऊ शकतो. एवढ्याने स्थलांतर थांबणार नाही, हे उघड आहे. त्याला पाणी आणि बारमाही काम हवे. पण पाहुण्यामुळे एखाद्या घराची चूल दिवाळीनंतरही गावातच पेटत राहिली, तर त्या मुक्कामाचे चीज झाले.