लाँग रनचे चारशे एकर

मार्च १८४८. इलिनॉयमधून निवडून आलेल्या काँग्रेसच्या एका सदस्याने मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन यांना वॉशिंग्टनहून पत्र लिहिलं. दोघांचं आडनाव एकच, म्हणून सॉलोमन यांनी घराण्याची चौकशी केली होती. उत्तरात सांगण्यासारखं फार थोडं होतं. वडील थॉमस, आजोबा अब्राहम. आजोबा १७८२च्या सुमाराला व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम कौंटीतून केंटकीत गेले आणि दोन वर्षांनी इंडियनांच्या हातून मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून आलेले क्वेकर होते, असं घरात पुसटसं बोललं जातं. त्यामागचं काही कानावर नाही. वडील सहाव्या वर्षी पोरके झाले, नव्या मुलखात गरिबीत वाढले, शिकले नाहीत. घराण्याची माहिती इतकी तोकडी असण्याचं कारण हेच असावं, असं पत्रात म्हटलं होतं. खाली सही होती अब्राहम लिंकन यांची.

अमेरिकेच्या सरहद्दीवर घर मांडलेल्या लाखो कुटुंबांची हीच अवस्था आहे. आजोबांपर्यंत नाव माहीत असतं, त्यामागे दोनतीन गोष्टी आणि मग अंधार. सरहद्दीवरचा माणूस रोजनिशी लिहीत नव्हता, बऱ्याचदा त्याला लिहिताच येत नव्हतं. चर्च दूर, जन्ममृत्यूची सरकारी नोंद नाही. पण त्याला जमीन हवी होती. जमिनीसाठी त्याला कचेरीत जावं लागलं, पैसे भरावे लागले, साक्षीदार आणावे लागले. म्हणून असा पूर्वज शोधायचा तर आधी त्याची जमीन शोधावी, असं माझं ठाम मत आहे. लिंकन घराण्याइतका या शोधाचा पुरता अभ्यास दुसऱ्या क्वचितच कुठल्या घराण्याचा झाला असेल.

केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. वेगळं राज्य झालं १ जून १७९२ला. १७७९च्या कायद्याने व्हर्जिनियाने पश्चिमेकडची जमीन विकायला काढली. दर १०० एकरांना ४० पौंड. तिजोरीत पैसे भरले की वॉरंट मिळे. वॉरंट म्हणजे जमीन नव्हे, अमुक इतकी जमीन कुठेतरी घेण्याचा हक्क. मग जागा हेरून कौंटीच्या मोजणीदाराकडे नोंद करायची, नंतर मोजणी, आणि सगळं बिनतक्रार पार पडलं तर सनद. चार पायऱ्या, चार कागद, आणि त्यांत कित्येकदा वर्षांचं अंतर. ज्याने ही व्यवस्था भोगली त्याच्या दृष्टीने ती जाचकच होती. शोधणाऱ्याला मात्र ती चार वेगवेगळ्या वर्षी तोच माणूस दाखवते.

मार्च १७८०मध्ये १६० पौंड भरून ४०० एकरांचं वॉरंट घेतलेल्या एका माणसाचं नाव कागदावर आहे ‘अब्राहम लिंकहॉर्न’. हेच ते आजोबा. कारकुनाच्या कानाला जे आलं ते त्याने लिहिलं. आडनावाचं एकच रूप धरून बसणाऱ्याच्या हातून हा कागद निसटला असता.

मोजणी झाली ती ७ मे १७८५ला. जेफरसन कौंटीत, फ्लॉइड्स फोर्क या ओढ्याला मिळणाऱ्या लाँग रन नावाच्या प्रवाहावर. मोजणीच्या कागदावरची चतुःसीमा झाडांची आहे. प्रवाहाकाठच्या खूण केलेल्या एका शुगर मेपलपासून सुरुवात. तिथून पूर्वेला ३०० पोल, पॉपलर आणि शुगर मेपलपर्यंत. उत्तरेला २१३ पूर्णांक एक तृतीयांश पोल, बीच आणि डॉगवुडपर्यंत. पश्चिमेला पुन्हा ३००, व्हाइट ओक आणि हिकरीपर्यंत. आणि दक्षिणेला उतरून मूळ झाडाशी. आपल्याकडे गुंठ्याचा हिशेब ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याला हे परकं वाटू नये. पोल म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या ३३ फुटी साखळीची बरोबर निम्मी लांबी. चार चौरस पोल झाले की आपला एक गुंठा. ३०० गुणिले २१३ पूर्णांक एक तृतीयांश केलं की ६४,००० चौरस पोल येतात, म्हणजे १६,००० गुंठे, म्हणजे नेमके ४०० एकर. जंगलात मोजलेल्या आयताचं गणित इतकं चोख जुळलं की थोडी शंकाही येते. कागदावरची आकृती आणि जमिनीवरची झाडं यांत फरक असण्याची सवय केंटकीला पुढे फार महाग पडली.

या कागदाचा सगळ्यांत मोलाचा भाग तळाशी आहे. मोजणीदाराबरोबर साखळी ओढणारे दोघे आणि झाडांवर खुणा करणारा एक, अशी नावं लिहायची पद्धत होती, आणि ही माणसं बहुधा घरचीच किंवा शेजारची असत. इथे साखळीला हनानिया आणि जोसाया हे दोन लिंकन आहेत. जोसाया हा अब्राहमचा मधला मुलगा, जेमतेम बाराएक वर्षांचा. आणि खुणा करणारा आहे स्वतः अब्राहम लिंकहॉर्न.

म्हणजे मे १७८५मध्ये हा माणूस जिवंत होता आणि हातात हत्यार घेऊन आपल्याच सीमेवरच्या झाडांवर घाव घालत होता. नातवाने १८४८च्या पत्रात, आणि पुढे १८६०मध्ये चरित्रकार स्क्रिप्स यांच्यासाठी लिहिलेल्या आत्मचरित्रातही, आजोबांचा मृत्यू १७८४च्या आसपास ठेवला होता. तो मोजणीच्या या कागदापुढे टिकत नाही. अभ्यासक आता १७८६चा मे महिना धरतात.

हा दोन वर्षांचा फरक किरकोळ नाही. मृत्युपत्र न करता वारलेल्याची सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जावी, असा व्हर्जिनियाचा जुना कायदा होता. तो रद्द करणारा कायदा १७८५मध्ये मंजूर झाला, पण लागू झाला १ जानेवारी १७८७पासून. अब्राहम त्याआधी गेला, म्हणून जमीन थोरल्या मॉर्डेकायची झाली आणि धाकट्या थॉमसच्या वाट्याला काही आलं नाही. आणखी काही महिने तो जगला असता तर अध्यक्ष लिंकन यांच्या वडिलांचं आयुष्य वेगळ्या पायावर उभं राहिलं असतं. नव्या मुलखात पोरकेपणी आलेली गरिबी, असं लिंकन यांनी लिहिलं होतं. त्या गरिबीमागे कायद्याची ही एक तारीखही उभी आहे.

मृत्यूची गोष्ट घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. अब्राहम मुलांसह शेतात काम करत असताना झाडीतून गोळी आली. जोसाया मदतीसाठी जवळच्या वस्तीकडे धावला, मॉर्डेकाय झोपडीत शिरला, आणि लहानग्या थॉमसला उचलायला आलेल्या माणसाला त्याने आतून गोळी घातली. ही गोष्ट बाकी सगळ्या आठवणींपेक्षा आपल्या मनावर खोल कोरली गेल्याचं लिंकन यांनी १८५४मध्ये एका नातेवाइकाला लिहिलं. मॉर्डेकायच्या गोळीने मेलेल्या माणसाचं नाव मात्र कुठल्याच कागदात नाही. १७६८च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात ओहायो नदीच्या दक्षिणेचा मुलूख इरोक्वॉय इंडियनांनी इंग्रजांना दिला. तिथे शिकार करणाऱ्या शॉनी इंडियनांनी तो कधी विकला नव्हता. वॉरंट, नोंद, मोजणी, सनद या चारही कागदांत जमिनीचा आधीचा धनी म्हणून फक्त व्हर्जिनिया राज्य दिसतं. जमिनीच्या दप्तरावर माझा जितका विश्वास आहे, तितकीच त्याच्या या गप्प बसण्याची मला चीडही आहे. लिंकनांचा पूर्वज सापडला तो त्याला आडनाव लिहून ठेवणारी कचेरी लाभली म्हणून.

व्हर्जिनियातला माग जरा गुंतागुंतीचा आहे. अब्राहमच्या वडिलांनी, जॉन लिंकन यांनी, १७६८मध्ये लिनविल क्रीकवर ६०० एकर घेतले आणि पुढे त्यातला वाटा मुलांना दिला. ही जमीन तेव्हा ऑगस्टा कौंटीत होती. १७७८मध्ये तिथून रॉकिंगहॅम कौंटी वेगळी निघाली. सरहद्दीवर कौंट्या अशा वरचेवर फुटत, त्यामुळे एका जागी राहणाऱ्या माणसाचे कागद दोन कचेऱ्यांत पडतात. १७८०मध्ये अब्राहमने आपली २५० एकर जमीन ५,००० पौंडांना विकली. आकडा वाचून हा मोठा धनिक असावा असं वाटतं, पण स्वातंत्र्ययुद्धाच्या त्या वर्षांत व्हर्जिनियाच्या कागदी चलनाची किंमत पार कोसळली होती.

या विक्रीमागे एक फार चांगला कागद आहे. नवऱ्याने जमीन विकली तरी बायकोचा वैधव्यातला हक्क तिने स्वतः सोडल्याशिवाय खरेदीदार निर्धास्त होत नसे, आणि तिची संमती नवऱ्याला दूर ठेवून एकटीला विचारायची असा दंडक होता. अब्राहमची बायको बर्शेबा कोर्टापर्यंत प्रवास करू शकत नव्हती, म्हणून १७८१च्या सप्टेंबरात तिचं म्हणणं घ्यायला माणसं घरी पाठवली गेली. एरवी बायकांची नावं गाळणाऱ्या त्या काळात या एका कायद्याने हजारो बायकांची नावं कागदावर आणली. त्या सप्टेंबरात ती व्हर्जिनियातच होती, हे यातून कळतं. आणि अब्राहमची बायको वेगळीच कोणी होती असं सांगणाऱ्यांना आधी या कागदाला उत्तर द्यावं लागतं. तिचं माहेर कोणतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात, कारण खतावर माहेरचं नाव लागत नाही.

रॉकिंगहॅमचं दप्तर धड उरलेलं नाही. यादवी युद्धात, जून १८६४मध्ये, उत्तरेच्या जनरल हंटरच्या फौजेने त्याचा बराच भाग जाळला. राष्ट्राध्यक्ष होते अब्राहम लिंकन. आपल्या पूर्वजांच्या कौंटीचं दप्तर आपल्याच सैन्याने पेटवावं, हे मला या सगळ्या शोधातलं सर्वांत क्लेशकारक पान वाटतं.

पेनसिल्व्हेनियाच्याही मागे जाणारा दुवा जमिनीनेच दिला. सॉलोमन, लेव्हाय, मॉर्डेकाय, अब्राहम अशी नावं हिंगहॅमच्या लिंकनांतही आहेत आणि आपल्यातही, यापलीकडे काही हाती लागलं नाही, असं लिंकन यांनी १८५९मध्ये लिहिलं. नावांच्या सारखेपणाला पुरावा म्हणायला ते तयार नव्हते, आणि ते बरोबरच होतं. त्याच घराण्यात १७३६मध्ये जन्मलेला आणखी एक अब्राहम लिंकन होता. तो जॉनचा सावत्र भाऊ, पेनसिल्व्हेनियातच राहिलेला, प्रसिद्ध डॅनियल बूनच्या चुलतबहिणीशी लग्न केलेला. दोन अब्राहमांची गल्लत व्हायला किती सोपी! ती सुटते न्यू जर्सीतल्या ३०० एकरांमुळे. जॉनचे वडील, थोरले मॉर्डेकाय लिंकन, यांनी १७३६च्या मृत्युपत्रात ही जमीन जॉनला दिली आणि जॉनने १७४८मध्ये मॉर्डेकायचा मुलगा व वारस म्हणून ती विकली. त्या विक्रीने पेनसिल्व्हेनियाचा जॉन न्यू जर्सीच्या मॉर्डेकायला जोडला गेला, आणि मॉर्डेकायमार्फत १६३७मध्ये इंग्लंडहून आलेल्या हिंगहॅमच्या सॅम्युएल लिंकनला. १८४८मध्ये चौकशी करणाऱ्या सॉलोमन यांचा अंदाज खरा होता.

अब्राहम गेल्यावर बर्शेबा मुलांना घेऊन दक्षिणेला, तेव्हाच्या नेल्सन कौंटीत गेली. म्हणून त्याच्या जंगम मालमत्तेची यादी तिथे, १७८९मध्ये झाली. एकूण ६८ पौंड १६ शिलिंग ६ पेन्स. दोन घोडे, एक तांबूस आणि एक काळा. वासरांसह गाई, रंगासकट. नांगर, खुरपणीच्या तीन कुदळी, सूत कातायचा चरखा, करवत, तीन मापांचे गिरमिट, कथलाच्या मिश्रधातूच्या डझनभर ताटल्या, तीन बंदुका, पिसांच्या दोन गाद्या आणि टर्कीच्या पिसांची एक. मला ही यादी कुठल्याही चरित्रातल्या वर्णनापेक्षा जास्त बोलकी वाटते. जंगलातल्या झोपडीतही बारा ताटल्या मांडायची या बाईची हौस होती.

थॉमसची कहाणी वडिलांपेक्षा वाईट, आणि तिचं मूळही मोजणीतच. झाडांच्या सीमांवर काढलेल्या सनदा केंटकीभर कौलांसारख्या एकावर एक चढल्या होत्या. १८०३मध्ये त्याने मिल क्रीकवर २३८ एकर घेतले ११८ पौंडांना. मोजणीतल्या चुकीने ३८ एकर गेले आणि १८१४मध्ये जमीन विकली १०० पौंडांना. अध्यक्ष लिंकन यांचा जन्म झाला त्या सिंकिंग स्प्रिंगच्या शेतावरही हक्काचा वाद लागला. नॉब क्रीकला गेला तर फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या सनददाराच्या वारसांनी त्याच्यावर आणि शेजाऱ्यांवर ताबा सोडण्याचा दावा लावला. १८१६मध्ये त्याने केंटकी सोडलं. काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्काच्या भानगडींमुळे, असं मुलाने लिहिलं आहे. इंडियानात १७८५च्या संघराज्याच्या कायद्याने चौकटी आखलेल्या होत्या: सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. तिथे थॉमसने १८१७मध्ये १६० एकरांचा हक्क नोंदवला. त्यातले ८० परत करून उरलेल्या ८० एकरांची सनद त्याने मिळवली आणि त्या हक्काला पुढे कोणी हात लावला नाही.

हा थॉमस आळशी, दरिद्री, अडाणी असं चित्र लिंकन यांच्या सुरुवातीच्या चरित्रकारांनी रंगवलं. ते पुसलं लुइस वॉरन यांनी. केंटकीतल्या कौंट्यांची दप्तरं पालथी घालून त्यांनी १९२६मध्ये लिंकन यांच्या आईवडिलांवर आणि बालपणावर पुस्तक काढलं. कराच्या याद्यांत थॉमस आहे, घोड्यांसह आहे, ज्युरीत बसलेला आहे. हार्डिन कौंटीच्या १८१४च्या यादीत ९८ मालमत्ताधारकांत त्याचा क्रमांक १५वा. कराची यादी कोणाची बाजू घेत नाही, म्हणून मला ती चरित्रकारांपेक्षा जास्त न्यायी वाटते.

थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाचा कागद फार उशिरा सापडला. लिंकन यांच्या जन्माबद्दल कुजबुज होत राहिली, कारण लोक शोधत होते एलिझाबेथटाउनला, हार्डिन कौंटीत. तिथले जुने कारकून सॅम्युएल हेक्राफ्ट यांनी १८६०मध्ये लिंकन यांना पत्र लिहिलं, त्यात आईचं नाव चुकलं. हेक्राफ्ट यांच्या कचेरीत नोंद होती ती थॉमसच्या १८१९मधल्या दुसऱ्या लग्नाची. लिंकन यांनी चूक सुधारली आणि लिहिलं की सही बघायच्या आधीच आपण तुमचं अक्षर ओळखलं. कौंटीच्या कारकुनाच्या अक्षराचं वळण त्यांच्या डोळ्यांत राहिलं होतं. पण नॅन्सी लग्नाआधी राहत होती वॉशिंग्टन कौंटीत, जी १७९२मध्ये नेल्सनमधूनच निघाली. तिथल्या स्प्रिंगफील्डच्या कचेरीत डब्ल्यू. एफ. बुकर या कारकुनाला १८७८च्या सुमाराला लग्नाचा ५० पौंडांचा बाँड मिळाला, १० जून १८०६चा, थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी यांच्या सह्यांचा. लग्न लावणारे पाद्री जेसी हेड यांनी आपण लावलेल्या लग्नांची जी यादी कचेरीत दिली होती, तिच्यात हे जोडपं १२ जूनला आहे. थोरली सारा १८०७च्या फेब्रुवारीत जन्मली, अब्राहम १८०९च्या.